हार्ड डिस्कचं 'हेड गेलंय' सांगून आमचे ९,५०० घेतले, फाइल्स जागच्या जागी होत्या

वाशी, नेरूळ, बेलापूर या बाजूला कोणाची हार्ड डिस्क किंवा पेन ड्राइव्ह रिकव्हरीला द्यायची वेळ आली असेल तर द्यायच्या आधी हे वाचा. लांबलंय, पण वाचा.

आमची नेरूळची सोसायटी जुनी, आता रिडेव्हलपमेंटचं चाललंय, त्यामुळे सगळ्या मेंबरांचे कागद स्कॅन करून एका पोर्टेबल हार्ड डिस्कवर ठेवलेले, अ‍ॅग्रीमेंट, शेअर सर्टिफिकेट, सिडकोच्या ट्रान्सफर ऑर्डर, जुनी मिनिट्स बुकं, आय रजिस्टर, जे रजिस्टर म्हणजे मेंबरांच्या नोंदवह्या, झाडून सगळं. मी खजिनदार, डिस्क असते चेअरमन काकांकडे. कन्सल्टंटने काही कागदांच्या प्रिंट मागितल्या म्हणून काका स्टेशनजवळच्या झेरॉक्सवाल्याकडे डिस्क घेऊन गेले, त्याच्या कॉम्प्युटरला लावली, प्रिंट काढल्या, घरी आले. संध्याकाळी लॅपटॉपला लावतात तर 'मेंबर कागदपत्रं' हा फोल्डर उघडेचना. नाव तेच, पिवळं चित्र तेच, फक्त कोपऱ्यात एक छोटा बाण आलेला. डबल क्लिक केलं की काळी विंडो क्षणभर चमकायची आणि गायब, आत काहीच नाही.

काका घाबरले, साहजिक आहे, मेंबर तर आधीच कागदांवरून त्यांच्या डोक्यावर बसलेत. दुसऱ्या दिवशी ते वाशीतल्या एका डेटा रिकव्हरीवाल्याकडे गेले. पहिल्या मजल्यावरचा गाळा, बाहेर मोठा बोर्ड, आत गोड बोलणारा पोरगा. काका चेकिंग फ्री आहे, ठेवून जा, तासाभरात फोन करतो. आणि तासाभरात फोन आलाच. हेड म्हणजे वाचणारा भाग गेलाय, प्लॅटरवर म्हणजे आतल्या चकतीवर स्क्रॅच पडायला लागलेत, क्लीन रूममध्ये उघडावी लागेल, पार्ट काढायला त्याच मॉडेलची डोनर डिस्क मागवावी लागेल, सगळे मिळून १९,००० होतील, अर्धे आत्ता द्या म्हणजे पार्ट मागवतो. वर हेही सांगितलं की काका आता ही डिस्क चुकूनही कुठे लावू नका, दुसऱ्या कोणाला दाखवू पण नका, एकदा फिरली की सगळं कायमचं जाईल.

हे शेवटचं वाक्य नीट बघा. ऐकायला काळजीचं वाटतं, पण त्याचा उपयोग एकच, गिऱ्हाईकाने दुसरीकडे विचारू नये.

काकांनी विचारलं, एवढे पैसे देऊन मिळेल याची खात्री काय. तर त्याने व्हॉट्सअ‍ॅपवर यादी पाठवली, कोणकोणत्या फाइल्स मिळू शकतात त्याची. फोल्डरची नावं, आतल्या फाइल्सची नावं, साइज, तारखा, सगळं. काकांना हायसं वाटलं आणि त्यांनी ९,५०० यूपीआयने पाठवून दिले. दुकानाच्या नावाने नाही हं, कुठल्यातरी माणसाच्या वैयक्तिक नावाने. बिल नाही, जीएसटी नंबर नाही, पॅडवर पेनने लिहिलेली एक चिठ्ठी.

मला हे सगळं पैसे गेल्यावर कळलं, व्हाउचर करायला काका आले तेव्हा. माझी भाची ऐरोलीला आयटीत आहे, रविवारी घरी आलेली, तिला ती यादी दाखवली. तिने वर खाली करून बघितली आणि म्हणाली, मामा, हेड गेलं असेल तर ही यादी त्याने वाचली कशाने?

अख्खी गंमत इथेच आहे. हार्ड डिस्कमध्ये चकत्या फिरत असतात आणि त्यांच्यावरून अगदी जेमतेम अंतर ठेवून हेड सरकतं, तेच वाचतं आणि तेच लिहितं. ते मेलं की नुसत्या फाइल्सच नाही, फाइल्सची नावं पण वाचता येत नाहीत, कारण नावं आणि तारखा सुद्धा त्याच चकतीवर लिहिलेल्या असतात. आमच्या यादीत तर 'फ्लॅट १२ वारस नोंद जुनी' इथपर्यंत सगळी नावं मराठीत अचूक, तारखा बरोबर, एक फाइल इकडची तिकडे नाही. म्हणजे त्याने डिस्क नुसती लावली, सगळं त्याला दिसलं, त्याचीच यादी काढून आम्हाला पाठवली आणि वर १९,००० सांगितले. पुरावा त्यानेच स्वतःच्या हाताने दिला.

आम्ही तिघं गेलो डिस्क परत आणायला. क्लीन रूम दाखव म्हटलं तर आतली खोली बघायला मिळाली, छताला पंखा फुल स्पीडवर, कोपऱ्यात उदबत्ती. क्लीन रूम म्हणजे जिथे हवा फिल्टर करून सोडतात आणि धुळीचा कण चालत नाही ती जागा, आणि इथे उदबत्तीची राख. भाचीला हसू आवरेना. मग त्याचा सूर बदलला, क्लीन रूम बाहेर आहे, पार्टची ऑर्डर गेली, अ‍ॅडव्हान्स परत मिळत नाही, आणि डिस्क हवी असेल तर २,००० इन्स्पेक्शन चार्ज. तेव्हा चेकिंग फ्री होतं ना? काका एरवी शांत माणूस, पण त्या दिवशी त्यांचा जो आवाज चढला, बाजूच्या गाळ्यातले लोक बघायला आले. डिस्क मिळाली. पैसे नाही मिळाले. डिस्कचं प्लास्टिकचं कव्हर सुद्धा उघडलेलं नव्हतं, चिकटवलेलं जसंच्या तसं.

घरी भाचीने काय केलं ते सविस्तर लिहितो कारण हे कोणालाही जमेल. पहिलं म्हणजे त्या बाणवाल्या फोल्डरला तिने हात लावला नाही. ते फोल्डर नसतंच, शॉर्टकट असतो, त्यावर क्लिक केलं की व्हायरस चालू होतो. राइट क्लिक करून प्रॉपर्टीज उघडल्या तर टार्गेटच्या रकान्यात कागदपत्रांचा पत्ता नव्हता, सीएमडी म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्राम आणि कुठल्यातरी स्क्रिप्टचं नाव होतं. मग अख्ख्या ड्राइव्हच्या प्रॉपर्टीज. युज्ड स्पेस ३८ जीबी. फोल्डर रिकामा दिसतोय आणि ३८ जीबी भरलेलं आहे, म्हणजे माल आतच आहे, फक्त लपवलाय. हे बघायला मोजून दहा सेकंद लागतात आणि दुकानात जायच्या आधी प्रत्येकाने बघावं.

मग क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं फुकट सॉफ्टवेअर टाकून डिस्कची तब्येत बघितली. गुड. रीअ‍ॅलोकेटेड सेक्टर आणि पेंडिंग सेक्टर हे दोन आकडे, म्हणजे खराब झालेल्या आणि संशयास्पद जागांची संख्या, बघायचे असतात, दोन्ही शून्य. हेड गेलेली डिस्क म्हणे!

बहुतेक झेरॉक्सवाल्याच्या कॉम्प्युटरवरून आलेला हा व्हायरस फाइल्स उडवत नाही, त्यांना 'हिडन' आणि 'सिस्टिम' असे दोन शिक्के मारतो. त्यामुळे फोल्डर ऑप्शनमध्ये जाऊन नुसतं हिडन फाइल्स दाखव केलं तरी काही दिसत नाही, आणि लोकांना वाटतं गेलंच सगळं. त्याच्याच खाली 'हाइड प्रोटेक्टेड ऑपरेटिंग सिस्टिम फाइल्स' असा एक खूण केलेला पर्याय असतो, ती खूण काढायची, विंडोज घाबरवतं, यस म्हणायचं. काढल्याबरोबर आमचं फोल्डर फिकट रंगात समोर हजर. कधीकधी व्हायरस सगळं एका बिननावाच्या फोल्डरमध्ये ढकलतो, नुसतंच चित्र दिसतं, खाली नाव नाही, तेही उघडून बघा.

शिक्के पुसायला कमांड प्रॉम्प्ट उघडून त्या ड्राइव्हवर जायचं आणि अ‍ॅट्रिब लिहून, मध्ये मध्ये स्पेस देत, मायनस एच, मायनस एस, मायनस आर, स्लॅश एस, स्लॅश डी, एवढं टाकून एंटर. पण हे बाहेरच्या ड्राइव्हवरच करा, सी ड्राइव्हवर नको, तिथे विंडोजच्या स्वतःच्या लपवलेल्या फाइल्स असतात. मग आधी सगळे कागद दुसऱ्या डिस्कवर कॉपी केले, शॉर्टकट आणि ती स्क्रिप्ट डिलीट केली, अँटीव्हायरसचं फुल स्कॅन, काकांच्या लॅपटॉपला पण, कारण त्यांनी तिथे क्लिक केलेलं. झालं. एकही पीडीएफ गेली नाही.

आता दुसरी बाजू पण सांगतो, नाहीतर लोक खरंच बिघडलेली डिस्क घरी ठोकत बसतील. डिस्क टक टक आवाज करत असेल, कॉम्प्युटरला दिसतच नसेल, किंवा पडलेली असेल, तर लगेच काढून ठेवा, ते काम बऱ्याचदा खरंच क्लीन रूमचं आणि खरंच महाग असतं. फोल्डर 'करप्टेड अँड अनरीडेबल' असं सांगत असेल तरी घाईने चेकडिस्क, म्हणजे विंडोजचं डिस्क दुरुस्तीचं टूल, चालवू नका, ते ड्राइव्ह दुरुस्त करायच्या नादात फाइल्सचे तुकडे 'फाउंड' नावाच्या फोल्डरमध्ये सीएचके नावाच्या फाइल्स करून टाकतं, आधी माल दुसरीकडे काढा. आणि चुकून डिलीट झालं असेल तर फोटोरेक, रेकुवा, मायक्रोसॉफ्टचं विंडोज फाइल रिकव्हरी, ही सगळी फुकट मिळतात, फक्त सापडलेल्या फाइल्स त्याच डिस्कवर सेव्ह करायच्या नाहीत, जुन्या फाइल्सवरच नवीन लिहिलं जातं. यासाठी नेटवर सापडलेल्या नंबरवर फोन करून एनीडेस्क, म्हणजे लांबून आपला कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर, तर अजिबात चालू करू देऊ नका, ती फसवणूक याहून मोठी, तसं काही झालं तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन.

पैशांचं म्हणाल तर १९१५ वर, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकली आहे, सोबत ती यादी, यूपीआयचा स्क्रीनशॉट आणि पेनाने लिहिलेली चिठ्ठी. दुकानदाराने उत्तर दिलंय की आम्ही पार्ट मागवला होता, पण पार्टचं बिल काही जोडलं नाही. तिथे नाही मिटलं तर ग्राहक आयोगात जाणार, २०१९ च्या कायद्यात आपण राहतो तिथे तक्रार करता येते आणि ५ लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही.

माझ्या डोक्यात मात्र पैशांपेक्षा दुसरंच चाललंय. त्या डिस्कवर सगळ्या मेंबरांचे आधार आणि पॅन होते, आणि डिस्क काही दिवस त्या माणसाकडे होती. कॉपी काढली की नाही हे कळायला मार्ग नाही. म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांना आधारचं बायोमेट्रिक लॉक करायला सांगितलंय, आधारच्या अधिकृत अ‍ॅपमधून होतं, आणि ज्येष्ठ मेंबरांचं करून द्यायला भाची पुढच्या रविवारी क्लब हाऊसमध्ये बसणार आहे.