जेवणाआधी श्लोक की घरची ओवी?

मुलांना ‘थँक्यू म्हण’ असं दटावून तो शब्द तोंडात बसतो, मनात बसेलच असं नाही. गाण्याचं तसं नसतं. जेवणाआधी आभार मानायला श्लोक आणि ओवी, आमच्याकडे दोन्ही प्रकार करून झालेत.

‘वदनि कवळ घेता’ची मोठी सोय म्हणजे तो आयता आहे. आजीला येतो, शाळेत म्हणतात, पाहुणेही सूर लावतात. मालिनी वृत्त: सुरुवातीला सहा ऱ्हस्व अक्षरं धावतात, मग ‘घेता नाम’ला चाल रेंगाळते, म्हणून तीन वर्षांच्या पोरालाही पटकन पाठ होतो. अडचण एवढीच की ‘पूर्णब्रह्म’ म्हणजे काय ते त्याला कळत नाही आणि डोळा पापडावर असतो. आठवड्याभरात श्लोक एक्सप्रेस गाडीसारखा सुटतो.

ओवीत मात्र ज्याचे आभार मानायचे त्याचं नाव घ्यावं लागतं. जात्यावर बायका ‘पहिली माझी ओवी’ म्हणत एकेक ओवी देवाला, आईबापाला, भावाला वाहायच्या. तोच साचा आम्ही ताटावर आणला. लेकीची परवाची ओवी:

पहिली माझी ओवी, बाबाच्या पोळीला
नकाशा झाला तरी, तुपात घोळीला

दुसरी भाजीवाल्या मावशींना गेली, कारण त्यांनी कढीपत्ता फुकट दिला होता. यमक जुळवताना भात गार होतो, हे खरं. शिवाय रोज नवं सुचत नाही.

मला विचाराल तर माझं मत ओवीला. शाळेच्या घाईत श्लोक, निवांत रात्री ओवी, असं सध्या चाललंय. कालची ओवी कचरागाडीवरच्या काकांना होती. सकाळी गाडीची घंटा वाजली तशी लेक गॅलरीत धावली आणि ऐन वेळी लाजून पडद्यामागे लपली.