तबेल्यात येणारा फिरता एक्स-रे: घोडीच्या गुडघ्याचा अनुभव

ज्यांच्या दारात घोडं बांधलेलं आहे त्यांच्यासाठी हे लिहितोय. आमचं गाव तापीकाठी, सारंगखेड्याच्या अलीकडे. आजोबांपासून घरात घोडी आहे. आत्ताची काळी मारवाडी, पाच वर्षांची, कपाळावर पांढरा टिक्का. दत्तजयंतीची यात्रा उलगल्यावर आठवडाभरात पुतण्याने तिला डांबरी सडकेवर भरधाव काढली आणि दुसऱ्या दिवशी ती डाव्या पुढच्या पायाने लंगडायला लागली. दुडकी चालवली की डावा पाय टेकताना मान वर, उजवा टेकताना मान खाली. मान ज्या पायावर खाली जाते तो पाय धड असतो. आमच्याकडे बरेच जण उलटं धरतात आणि भलत्याच पायाला लेप लावत बसतात.

गावातल्या जाणत्यांनी तापल्या लोखंडाने डाग द्यायला सांगितलं, मी दिला नाही. टेम्पोत घालून एका ठिकाणी नेली. तिथे बाजूने एकच फोटो काढला आणि हाड मोडलेलं नाही म्हणून परत पाठवलं. मग अठरा दिवस हळद-तुरटीचा लेप. सूज ओसरली, लंगडणं तसंच. त्या अठरा दिवसांचं मला अजून वाईट वाटतं.

शेवटी शिरपूरकडच्या एका घोडेवाल्याने फिरतं एक्स-रे मशीन घेऊन तबेल्यात येणाऱ्या एका डॉक्टरांचा नंबर दिला. त्यांना जाहिरात नको आहे, म्हणून नाव टाकत नाही. सकाळी सातला जीप घेऊन आले. मशीन बॅटरीवर चालणारं, एका माणसाने हातात धरण्याइतकं. सोबत फोटो उमटणारी प्लेट आणि लॅपटॉप. पण पहिला अर्धा तास त्यांनी मशीनला हातच लावला नाही. घोडी कडक जमिनीवर चालवून पाहिली, खुरापासून वर एकेक सांधा दाबला, वाकवला. गुडघा वाकवताच तिने पाय हिसकला. मग गुंगीचं हलकं इंजेक्शन दिलं, दोन्ही पुढचे पाय सारखे टेकवले आणि ओल्या फडक्याने गुडघ्यावरची लेपाची खपली पुसून काढली. ही खपली केसांत राहिली तर फोटोत हाडाच्या कपचीसारखी दिसते, म्हणाले.

शिशाचे दोन एप्रन होते. एक त्यांना, एक घोडी धरणाऱ्या माझ्या भावाला. प्लेट लांब दांड्याच्या चौकटीत, किरणांच्या वाटेत कोणाचाही हात नाही. सूनबाईला दिवस गेलेत हे कळल्यावर तिला घराच्या पलीकडच्या अंगाला पाठवलं आणि ती तिकडे पोचल्याशिवाय बटण दाबलं नाही.

फोटो पाच: समोरून, बाजूने, दोन तिरपे, आणि पाय वाकवून बाजूने. मग तेच पाच उजव्या पायाचे, ताडून बघायला. आई लॅपटॉपमध्ये डोकावून म्हणाली, "डॉक्टर, हाऊ गुडघाच शे ना?" ते हसले. "माय, हाऊ गुडघा नई, हाई तं मनगट शे." खरंच तसं आहे. आपण ज्याला घोड्याचा पुढचा गुडघा म्हणतो ते आपलं मनगट. वरच्या ओळीत चार लहान हाडं, त्यातलं एक मागे चकतीसारखं चिकटलेलं. खालच्या ओळीत तीन, एखाद्या घोड्याला वाटाण्याएवढं आणखी एक. सांधे तीन थरांचे: पाय वाकवला की वरचे दोन उघडतात, सगळ्यात खालचा जवळपास हलतच नाही. त्याखाली जाड नळी आणि तिच्या दोन्ही अंगांना दोन बारीक हाडं. घोड्याला गळपट्टीचं हाड नसतं, पुढचा पाय धडाला नुसत्या स्नायूंनी टांगलेला असतो. आणि उभ्या घोड्याचं साठ टक्के वजन पुढच्या दोन पायांवर.

एवढी हाडं दाटीने बसलेली, मग बाजूच्या एका फोटोत सगळ्यांची सावली एकमेकांवर पडणार. आमच्या घोडीच्या हाडाची कपची पहिल्या फोटोत तशीच झाकली गेली होती. समोरच्या बाहेरच्या अंगाने तिरपा फोटो घेतला, तेव्हा वरच्या ओळीतल्या आतल्या हाडाच्या खालच्या काठावर ती दिसली. तांदळाच्या दाण्याएवढी, कडेपासून सुटलेली, मध्ये काळी रेघ. वाकवलेल्या फोटोतही होती. उजव्या पायात तो काठ गुळगुळीत. मी तो पडदा किती वेळ बघत राहिलो सांगता येत नाही.

जाता जाता दीड वर्षाच्या वछेरीचाही फोटो घेतला. तिच्या गुडघ्याच्या वरच्या लांब हाडाच्या खालच्या टोकाशी वाढीची रेघ अजून उघडी आहे. ती साधारण दोन-अडीच वर्षांनी बुजते, तोवर पाठीवर कोणी बसायचं नाही. आम्ही उन्हाळ्यातच बसणार होतो.

आता तक्रार. लेखी रिपोर्ट सहा दिवसांनी आला, तोही दोनदा फोन केल्यावर. व्हॉट्सॲपवर आधी पडद्याचे मोबाईलने काढलेले फोटो पाठवले. सर्जनला दाखवायला ते कुचकामी, म्हणून मूळ फाइल पेन ड्राइव्हवर मागून घेतल्या. तुम्ही त्याच दिवशी मागा. पैसे दोन्ही पायांचे साडेसहा हजार, वछेरीचे दोन हजार, जीपचं भाडं वेगळं. आमच्यासारख्याला जड आहे, पण पहिला टेम्पो आणि अठरा दिवस धरले तर मला महाग वाटलं नाही.

पुण्यात शर्यतीचे घोडे बघणाऱ्या सर्जनने फाइल पाहिल्या. कपची दुर्बिणीतून काढता येईल म्हणतात. फाल्गुनात नेतोय. तोवर घोडी खळ्यात बांधलेली, खाली उसाच्या पाचटाची जाड गादी, आणि सकाळ-संध्याकाळ दहा मिनिटं हाताने चालवणं. पुतण्या चालवतो. त्याला कोणी सांगितलेलं नाही.