लिनक्स मिंट: एक पावसाळा, गणपती आणि जत्रांचा हंगाम काढल्यावर

दुकानात जमेल तिथे विंडोजच्या जागी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टिम चढवली, त्याचा हा अनुभव. आधी दुकान काय ते सांगतो, म्हणजे तो कुणाला लागू पडेल ते कळेल. मालवण तालुक्यात, एसटी स्टँडजवळ. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, लग्नपत्रिका, बॅनरचं डिझाइन, जे येईल ते. दोन डेस्कटॉप, एक लॅपटॉप. दोन्ही डेस्कटॉप इंटेल आय-थ्री, चौथ्या पिढीचे. विंडोज १० चा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपणार हे जाहीर होतं, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. म्हणजे या दोन डब्यांना तो रस्ता बंद. वाढीव सुरक्षा अपडेट घेऊन ऑक्टोबर २०२६ पर्यंत ढकलता आलं असतं, पण मग पुन्हा गणपती आणि दिवाळीच्या मधे तोच घोळ. नको म्हटलं.

जून २०२५ मध्ये आंब्याची शेवटची पेटी गेली, पावसाने जोर धरला, गिऱ्हाईक आटलं, तेव्हा काम काढलं. लिनक्स मिंट २२.१, त्यातलं सिनॅमन नावाचं रूप. हे उबुंटू २४.०४ या दुसऱ्या लिनक्सवर बेतलेलं आहे आणि याला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. सप्टेंबरात २२.२ आलं, ते अपडेट मॅनेजरमधूनच चढवलं, त्यात सांगण्यासारखं काही घडलं नाही.

मिंट चढवणं हे अर्ध्या तासाचं काम. सगळा वेळ खाल्ला तो तयारीने, आणि त्यातही जुन्या मराठी फाँटांनी. लिनक्सबद्दल लिहिणारे लोक हा भाग सोडून देतात, कारण ते बहुधा लग्नपत्रिका छापत नाहीत.

मे महिन्यात काउंटरवर एक वही ठेवली होती. दिवसभरात जे सॉफ्टवेअर उघडलं, जी वेबसाइट लागली, जे यंत्र जोडलं, ते लिहायचं. भाची कंटाळली, पण तिनेच सगळ्यात नीट लिहिलं. वही वाचल्यावर दिसलं की आमचं बहुतेक काम ब्राउझरमध्येच होतं: दाखले, सात-बारा, शाळा-कॉलेजचे फॉर्म, वीजबिल. त्याला कुठलीही सिस्टिम चालते. अडणाऱ्या गोष्टी तीनच निघाल्या: जुना लेझर प्रिंटर, डिजिटल सहीचा टोकन (सही साठवलेला यूएसबी), आणि जुन्या फाँटांतल्या फायली.

पहिल्या दोन पटकन संपवतो. व्हेंटॉय नावाच्या साधनाने मिंटचा पेनड्राइव्ह बनवला, डाउनलोड केलेल्या आयएसओचा, म्हणजे मिंटच्या फाइलचा, चेकसम ताडून ती नीट उतरलीय का ते बघितलं आणि डिस्कला हात न लावता पेनड्राइव्हवरूनच लाइव्ह चालवून प्रिंट-स्कॅन काढून पाहिलं. एचपीचं ऑल-इन-वन लगेच चाललं, कारण एचपीलिप हा एचपीचा ड्रायव्हर मिंटमध्ये आधीपासूनच असतो. स्कॅनरही ‘डॉक्युमेंट स्कॅनर’मध्ये आपोआप दिसला. जुना लेझर प्रिंटर मात्र हटून बसला. त्याचं सगळं डोकं विंडोजच्या ड्रायव्हरमध्ये आहे, यंत्रात नुसता रोलर. डिजिटल सहीच्या टोकनचं लिनक्स सॉफ्टवेअर मिळालं, पण ते इतकं जुनं की बसवायला धजावलो नाही. म्हणून दोनपैकी एका डेस्कटॉपवर विंडोज १० तसंच ठेवलं आणि प्रिंटर त्यालाच जोडला. त्याची इंटरनेटची वायर काढून टाकलेली असते. सही करायची तेवढ्यापुरती लावतो, पुन्हा काढतो. हा काही सुंदर उपाय नाही, पण चालतो.

आता फाँट. आमच्याकडे पत्रिका, पंचायतीची पत्रकं, दशावतारी मंडळांची पोस्टरं यांचा वर्षानुवर्षांचा साठा आहे आणि तो सगळा युनिकोडच्या, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक देणाऱ्या आजच्या पद्धतीच्या, आधीचा. त्या काळच्या मराठी फाँटांत अक्षर म्हणजे इंग्रजी अक्षराच्या जागी बसवलेलं चित्र. फाइलमध्ये साठवलेलं असतं इंग्रजी चिन्ह, फाँट त्याला ‘क’ दाखवतो. फाँट असेपर्यंत मराठी, फाँट नसेल तर कचरा. चांगली बातमी अशी की ते टीटीएफ फाँट मिंटमध्ये आपल्या होम फोल्डरच्या फाँटांच्या जागी टाकले की जुन्या वर्डच्या फायली लिबरऑफिसमध्ये, म्हणजे मिंटमधल्या ऑफिसमध्ये, नीट दिसतात, छापताही येतात. वाईट बातमी अशी की त्यात नवीन टाइप करता येत नाही, कारण त्यांची टायपिंगची सॉफ्टवेअरं विंडोजवरच चालतात. म्हणजे नुसतं वाचनालय झालं.

मग कन्व्हर्टर, म्हणजे जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे प्रोग्रॅम. ते ऐंशी टक्के काम करतात आणि उरलेल्या वीस टक्क्यांत वधूपित्याचं नाव असतं. कारण असं की जुन्या फाँटात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, जशी दिसते तशी. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवली जाते. रफाराचं उलट: जुन्या फाँटात तो शेवटी येतो, युनिकोडमध्ये ‘र’ आणि हलन्त आधी. कन्व्हर्टरला ही हलवाहलव करावी लागते, आणि जोडाक्षरावर वेलांटी आणि रफार दोन्ही आले की तो गोंधळतो. ‘मूर्ति’सारख्या शब्दांवर लाल पेन घेऊनच बसायचं. आम्ही सगळा साठा बदलला नाही. ज्या मजकुराला दरवर्षी गिऱ्हाईक आहे तेवढाच बदलला: लग्न, मुंज, सत्यनारायण, गणपतीचं आमंत्रण. बाकीचं वाचनालयात.

नवीन टायपिंगसाठी मी इनस्क्रिप्ट ही कीबोर्डची मांडणी वापरतो. मिंटच्या कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट आहेच, वेगळं काही उतरवावं लागत नाही. ‘वऱ्हाड’ लिहायचं तर ‘व’नंतर शिफ्ट धरून जे, मग डी, मग यू, मग काना आणि ‘ड’. शिफ्टशिवाय जे दाबला तर ‘र’चा रफार होऊन ‘ह’च्या डोक्यावर बसतो आणि पत्रिकेत वर्हाड येतं. असल्या पत्रिका मी इतरांच्या दुकानातून छापून आलेल्या पाहिल्या आहेत, नावं घेत नाही.

भाचीचं वेगळं. ती सरकारी टायपिंग परीक्षेसाठी रेमिंग्टन, म्हणजे टाइपरायटरची मांडणी, शिकली, तिला इनस्क्रिप्ट शिकवणं म्हणजे भांडण. आयबस या टायपिंगच्या साधनाबरोबर एम१७एन हा त्याचा जोड बसवला की मराठीसाठी रेमिंग्टनही मिळतो. एक-दोन चिन्हं तिला क्लासमध्ये शिकवलेल्या जागेवर सापडली नाहीत, त्यावर तिने दोन दिवस कुरकुर केली, मग बोटं वळली. तिचं युजर अकाउंट वेगळं, माझं वेगळं. हे पहिल्या दिवशीच करा. एका अकाउंटमध्ये दोन कीबोर्ड आणि दोन सवयी नांदत नाहीत.

सजवण्याबद्दल लोक फार विचारतात. थीम, आयकॉन, हलणारं घड्याळ, पारदर्शक पट्टी, हे सगळं करता येतं. पहिल्या आठवड्यात भाचीने केलंही. मग एक दिवस अण्णा दुपारच्या पाळीला बसले आणि फोन आला, “ह्या काय करून ठेवलंस? माझी फायल खंय गेली?” फाइल जागेवरच होती, तिचा आयकॉन बदलला होता. त्या संध्याकाळी सगळी रंगरंगोटी उतरवली. आता पट्टी खाली, जुन्या जागी. डेस्कटॉपवर तीनच फोल्डर, मोठ्या आकारात: आजचं काम, छापायचं, संपलं. अक्षरांचा आकार वाढवलेला. माउस कोपऱ्यात गेल्यावर काहीही होणार नाही अशी सेटिंग. अण्णांनी त्यानंतर फोन केलेला नाही.

खरी उपयोगी पडलेली एकच सजावट सांगतो. कीबोर्ड सेटिंगच्या पर्यायांत कॅप्स लॉकचं बटण भाषा बदलायला लावता येतं, आणि त्याच यादीत कॅप्स लॉकचा दिवा भाषा दाखवायला वापरा असाही पर्याय आहे. दिवा लागला की मराठी, विझला की इंग्रजी. स्क्रीनच्या कोपऱ्यात बघायला नको. फॉर्म भरताना नाव मराठीत, ईमेल इंग्रजीत, पत्ता परत मराठीत, असं दिवसभर चालतं, त्यात याने जेवढा जीव वाचवला तेवढा कुठल्याच थीमने वाचवला नसता. भाचीच्या रेमिंग्टनला मात्र हा दिवा लागत नाही, तो आयबसच्या बाहेरचा मामला आहे.

दुसरी गोष्ट, आणि ही झेरॉक्सवाल्या प्रत्येकाने करावी: लॉगिनच्या सेटिंगमध्ये गेस्ट सेशन, म्हणजे पाहुण्यासाठीचं तात्पुरतं खातं, चालू करता येतं. लॅपटॉप आम्ही गिऱ्हाइकांसाठी तसाच ठेवलाय. माणूस येतो, व्हॉट्सअॅप वेब उघडतो, आधारकार्ड उतरवतो, प्रिंट देतो, आणि लॉगआउट केलं की त्या सेशनमधलं सगळं पुसलं जातं. पूर्वी आमच्या डाउनलोड फोल्डरमध्ये अर्ध्या गावाची कागदपत्रं पडलेली असायची. ते बरोबर नव्हतं हे सगळ्यांना कळत होतं, वेळ कुणाला नव्हता.

गणपतीत, म्हणजे ऑगस्टच्या शेवटी, चाकरमानी आले आणि नेट बसलं. फोनमधले फोटो मशीनवर घ्यायचे तर वॉर्पिनेटर नावाचं मिंटचं स्वतःचंच साधन आहे, ते दुकानातल्या वायफायवर इंटरनेटशिवाय फायली पाठवतं. अँड्रॉइडसाठीही ते मिळतं. माझ्या नि भाचीच्या फोनवर आहे. गिऱ्हाइकाला नवीन अॅप घ्यायला सांगणं व्यवहार्य नाही, त्यांच्यासाठी केबल बरी.

बॅनरचं काम हे सगळ्यात धाकधुकीचं होतं. कणकवलीचा छापखाना कोरलड्रॉ या विंडोजवरच्या डिझाइन सॉफ्टवेअरची फाइल (सीडीआर) मागतो. आता मी इंकस्केप या लिनक्सवरच्या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये करतो, मजकूर कर्व्ह करतो, म्हणजे अक्षरांचं वस्तूतून पाथमध्ये रूपांतर, आणि पीडीएफ पाठवतो. पहिल्या खेपेला तिकडून फोन आला, “सीडीआर पाठवा ना.” म्हटलं, छापून तर बघा. आंगणेवाडीच्या जत्रेचे स्वागत-बॅनर असेच गेले आणि नीट लागले. जुन्या सीडीआर फायली लिबरऑफिस ड्रॉमध्ये उघडतात खऱ्या, पण मांडणी हलते. त्यासाठी विंडोजवालं मशीन आहेच. बहुपानी कामाला स्क्रायबस १.६ हे पानं मांडायचं सॉफ्टवेअर घेतलं. त्याच्या जुन्या १.४ मालिकेत मराठी जोडाक्षरं फुटायची, आता फुटत नाहीत. फाँट बहुतेक वेळा मोफत वापरायचे. ‘एक टाइप’ या संस्थेचा मुक्ता हा फाँट पत्रकांना पुरतो, शीर्षकाला बलू.

बाहेरून वर्डची फाइल आली की जपायचं. तिच्यात मंगल हा विंडोजचा मराठी फाँट असेल तर तो मिंटमध्ये नसतो, त्याच्या जागी दुसरा देवनागरी फाँट येतो, ओळींची उंची बदलते आणि एका पानाचा अर्ज दीड पानाचा होतो. इंग्रजी मजकुराला हा त्रास कमी, एरियल आणि टाइम्सच्या मापाचे लिबरेशन फाँट असतात. मराठीसाठी सरळ सांगतो: पीडीएफ आणा.

वेग वाढला का, तर हो, पण त्यातलं निम्मं श्रेय नवीन एसएसडीला (वेगवान डिस्क) आणि चारवरून आठ जीबी केलेल्या रॅमला द्यायला हवं. हे दोन खर्च करणार नसाल तर चमत्काराची अपेक्षा ठेवू नका.

पावसाळ्यात एकदा अपडेट चालू असताना लाइट गेली आणि इन्व्हर्टर आधीच उतरलेला होता. मशीन परत लावलं तर डेस्कटॉप येईना. मशीन सुरू होताना मिळणाऱ्या रिकव्हरी मेनूमध्ये डीपीकेजी नावाचा पर्याय आहे, तो अर्धवट राहिलेली पॅकेजं पुरी करतो. त्यानेच काम झालं. टाइमशिफ्ट या साधनाने घेतलेला स्नॅपशॉट, म्हणजे सिस्टिमची आधीची प्रत, हाताशी होता, लागला नाही. एक लक्षात ठेवा, टाइमशिफ्ट सिस्टिमची प्रत ठेवतो, तुमच्या फायलींची नाही, निदान न सांगता तरी नाही. फायलींसाठी बाहेरची हार्डडिस्क वेगळी, आणि ती दुकानात न ठेवता घरी, कोरड्या डब्यात. खाऱ्या हवेत यूएसबीच्या पिना हिरव्या पडतात.

लेझर प्रिंटरची ड्रम आता संपत आलीय. नवीन ड्रमच्या पैशांत थोडी भर घालून लिनक्सवर चालणारा प्रिंटर येईल, तो शिमग्याच्या आधी घ्यायचा विचार आहे. मग विंडोजवालं मशीन फक्त सहीच्या टोकनपुरतं आणि जुन्या सीडीआरपुरतं उरेल. टोकन बदलायची मुदत आली की लिनक्सचं सॉफ्टवेअर आधी चालवून दाखवणाऱ्याकडूनच घेणार आहे.

ज्यांना करायचंय त्यांनी आंबा किंवा गणपती तोंडावर असताना हे काढू नये. जूनअखेर बरी. आणि पेनड्राइव्ह बनवायच्या आधी इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी घाला.