विंडोज + व्ही: आठ महिने वापरल्यावर

तालुक्याच्या गावात माझं झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. पीक विमा, शिष्यवृत्ती, उत्पन्नाचा दाखला. म्हणजे दिवसभर लोकांचे आधार आणि खाते क्रमांक कॉपी-पेस्ट. आठ महिन्यांपूर्वी भाच्याने कीबोर्डवर विंडोज + व्ही दाबून आधी कॉपी केलेल्या गोष्टींची यादी दाखवली आणि मी चाट पडलो. ही सोय विंडोज 10 मध्ये 2018 पासून आहे, आणि मी एक कॉपी, एक पेस्ट असे हेलपाटे घालत होतो! शेवटच्या 25 कॉपी समोर रांगेने. काम झपाट्याने व्हायला लागलं, यात वाद नाही.

मग एकदा एका काकांचा फॉर्म भरताना, नाव बरोबर आहे का बघा म्हणून स्क्रीन त्यांच्याकडे वळवली होती. पत्ता टाकायला विंडोज + व्ही दाबलं. काका चष्मा सावरत म्हणाले, "हे आमच्या धाकट्याचं नाव आणि खातं ना? कर्ज काढतोय का काय?" सकाळीच त्यांचा भाऊ येऊन गेला होता. दोघांचं बांधावरून बोलणं बंद. मला घाम फुटला.

त्या रात्री क्लिपबोर्ड, म्हणजे कॉपी केलेलं जिथे साठतं ती जागा, पुसायचा उपाय शोधला. 'इको ऑफ', मग उभी रेघ, मग 'क्लिप' अशा आदेशाचा शॉर्टकट डेस्कटॉपवर बनवला. डबल क्लिक केलं, कंट्रोल + व्ही दाबून पाहिलं, काही उमटलं नाही. खूश! तीन आठवडे तेच करत राहिलो. एक दिवस सहज विंडोज + व्ही दाबलं, तर सगळी यादी जागच्या जागी. तो आदेश फक्त ताजी कॉपी रिकामी करतो, इतिहासाला हातही लावत नाही.

यादी खरी जाते ती तिथल्याच 'क्लिअर ऑल'ने, किंवा सेटिंग्ज, सिस्टिम, क्लिपबोर्डमधून. पण पिन केलेलं, म्हणजे कायम राहावं म्हणून यादीत टाचून ठेवलेलं, तेव्हाही जात नाही. आमच्या मदतनीस पोराने एका बाईंचा आधार क्रमांक पुसायला जाऊन चुकून पिन केला. दीड महिना तो तिथेच होता. रीस्टार्टलाही पिन टिकतं, बाकीचं जातं. मी मात्र मशीन रीस्टार्ट कुठे करतो, रात्री नुसतं स्लीपला टाकतो. म्हणजे काल संध्याकाळची यादी सकाळी हजर.

एक्सेल-वर्डचा क्लिपबोर्ड वेगळाच, 24 नगांचा. तोही वेगळा पुसावा लागतो. सिंक मात्र मी पहिल्यापासून बंद ठेवलंय. दुकानातलं कॉपी घरच्या लॅपटॉपवर, मुलांसमोर कशाला?

आता गिऱ्हाईक उठलं की पुढच्याला बसवण्याआधी 'क्लिअर ऑल'. पिनला फक्त दुकानाचा पत्ता आणि गावातल्या दोन बँकांचे आयएफएससी कोड. आधार क्रमांक कॉपी करतच नाही, कार्ड समोर ठेवून हाताने टाइप करतो. थोडा वेळ जातो, जाऊ दे.

एक खंत आहे. मी पासवर्डसाठी कीपास वापरतो, ते कॉपी केलेला पासवर्ड 12 सेकंदांत आपोआप पुसून टाकतं. इथे तसं घड्याळ लावता येत नाही. दुपारच्या गर्दीत, चहावाला पैसे मागत असताना, माझ्याकडून 'क्लिअर ऑल' अजूनही दोन-चारदा राहून जातंच.