व्हर्च्युअलबॉक्समध्ये एक्सपी: पाच-सहा महिने, एक बंद मशीन आणि उजवा कंट्रोल

मंगळवारी सकाळी दहा वाजता गिऱ्हाईक समोर बसलेलं. पत्रिकेचं दुसरं प्रूफ, त्यात फक्त ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं!’ एवढी ओळ घालायची होती. व्हर्च्युअलबॉक्स (एका कॉम्प्युटरच्या आत दुसरा चालवणारा प्रोग्राम) मधलं मशीन स्टार्ट केलं तर विंडोज एक्सपीच्या हिरव्या टेकडीऐवजी एररची चौकट. व्हीएमएक्स रूट मोडमध्ये चालता येत नाही, केव्हीएम बंद करा, कर्नल पुन्हा कंपाइल करा आणि रीबूट करा. कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, कंपाइल करा! अहो, मी पत्रिका करतो.

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि माझा सहाव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर विंडोज ११ च्या यादीत बसत नाही. नवा पीसी घेण्याएवढी कमाई लग्नपत्रिकांत उरलेली नाही. म्हणून दिवाळीत विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकलं आणि पानं लावायचा पेजमेकर ७, जुने मराठी फाँट, डोंगल (लायसन्सची यूएसबी चावी) असं सगळं बिऱ्हाड व्हर्च्युअलबॉक्समधल्या एक्सपीत हलवलं. त्या फाइली आजच्या युनिकोड फाँटमध्ये का नेत नाही, हे डीटीपीवाल्यांनी तरी विचारू नये.

खरं सांगतो, चाललं झकास. एक जीबी रॅममध्ये एक्सपी पूर्वीपेक्षा चपळ. लिनक्सच्या ‘व्हीबॉक्सयूजर्स’ ग्रुपमध्ये (यूएसबी वापरायची परवानगी असलेला गट) माझं नाव घालेपर्यंत डोंगल दिसत नव्हता, त्यात एक रविवार गेला, तेवढंच. एक्सपीचा सपोर्ट एप्रिल २०१४ मध्येच संपलाय, म्हणून त्याला इंटरनेट मिळू नये यासाठी आतलं नेटवर्क कार्ड काढून टाकलं. पीडीएफ शेअर्ड फोल्डरमधून बाहेर येते आणि प्रेसला जाते.

पण तो उजवा कंट्रोल! मी डावखुरा. माऊस डाव्या हाताला, त्यामुळे सगळे शॉर्टकट उजव्या कंट्रोलने, वीस वर्षांची सवय. आणि व्हर्च्युअलबॉक्सने नेमकी तीच की स्वतःसाठी ठेवलीय. प्रिंट द्यायला कंट्रोल-पी दाबलं की अख्खं एक्सपी पॉज. सेव्ह करायला गेलो की सेटिंग्जची खिडकी. कॉपी केलं की मेनू गायब आणि स्क्रीन ताणलेली. तुळशीच्या लग्नानंतरच्या सीझनमध्ये मी दिवसातून पंधरा वेळा तरी या कीला शिव्या घातल्या असतील. मशीन बंद पडलं त्याचा राग एक दिवस टिकला, हिचा अजून आहे.

तर मंगळवार. आधी रीस्टार्ट. मग बायोसमध्ये (पीसीच्या मूळ सेटिंग्जमध्ये) व्हर्च्युअलायझेशन, म्हणजे आतलं मशीन चालवायची प्रोसेसरची सोय, चालू आहे का पाहिलं, होतं. मग व्हर्च्युअलबॉक्स काढून परत टाकलं, तीच एरर. एम. जी. रोडवरच्या एका दुरुस्तीवाल्याला फोन केला. तो म्हणाला, एक्सपी करप्ट झालंय, फॉरमॅट करावं लागेल, पंधराशे. एक्सपी मुळात सुरूच झालं नव्हतं, करप्ट व्हायची वेळ कुठे आली? आणि फॉरमॅट केल्यावर माझ्या फाइली कोण देणार होतं?

शेवटी सिडकोतल्या भाच्याला फोन. त्याने एकच विचारलं, “मामा, काल अपडेट मारलं का?”

मारलं होतं. कर्नल ६.८ वरून ६.१४. त्याने फोनवरच पीसी सुरू होताना शिफ्ट दाबून धरायला लावलं, ॲडव्हान्स्ड ऑप्शन्समधून जुना ६.८ निवडला आणि एक्सपी उभं राहिलं. ओळ घातली, प्रूफ दिलं.

रात्री तो घरी आला तेव्हा कारण कळलं. प्रोसेसरची ती व्हर्च्युअलायझेशनची सोय (व्हीटी-एक्स) एका वेळी एकालाच मिळते. केव्हीएम म्हणजे लिनक्सचं स्वतःचं व्हर्च्युअलबॉक्ससारखंच काम करणारं, ते पूर्वी आपलं मशीन चालवायचं असेल तेव्हाच ती घ्यायचं. नोव्हेंबर २०२४ मधल्या कर्नल ६.१२ पासून ते लोड झाल्याझाल्याच घेऊन बसतं. म्हणजे एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची आणि स्वतः खाली उभं राहायचं. व्हर्च्युअलबॉक्स आत येतं, तर जागा रिकामी आणि रुमाल पडलेला.

रुमाल उचलायची तात्पुरती युक्ती म्हणजे टर्मिनलमध्ये ‘मॉडप्रोब’ने केव्हीएम-इंटेल मॉड्यूल काढून टाकणं, रीबूट केलं की पुन्हा तेच. कायमची म्हणजे ग्रबच्या (पीसी चालू होताना कर्नल सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) फाइलमध्ये कर्नलच्या ओळीत ‘केव्हीएम डॉट एनेबल अंडरस्कोर व्हर्ट अंडरस्कोर ॲट अंडरस्कोर लोड’ बरोबर शून्य लिहायचं, मग अपडेट-ग्रब. इंग्रजीत, सगळं सलग. कंपाइल वगैरे काही नाही, खर्च शून्य. एवढी एक ओळ त्या एररमध्येच छापली असती तर माझी सकाळ वाचली असती.

हे लिहून झाल्यावर भाच्याला वाचायला दिलं. त्याने प्रेफरन्सेस, इनपुट असं जाऊन होस्ट की, म्हणजे व्हर्च्युअलबॉक्सने स्वतःसाठी ठेवलेली ती की, बदलून एफ-१२ केली. अर्धा मिनिट लागला. पाच महिने मी काय करत होतो, असं त्याने विचारलं नाही, नुसता हसला.

व्हर्च्युअलबॉक्सला पाचपैकी चार गुण. एक कापला तो उजव्या कंट्रोलचाच, बदलता येत असला तरी. आता अपडेटची सूचना दिसते, पण लग्नतिथी संपेपर्यंत मी तिच्याकडे बघत नाही. जुना ६.८ काढलेला नाही.