पणजोबा बसऱ्याला होते: शोध घरातून घ्यायचा की संकेतस्थळावरून?

‘आमचे पणजोबा जर्मनच्या लढाईत बसऱ्याला होते.’ जर्मनच्या लढाईत, म्हणजे पहिल्या महायुद्धात, आताच्या इराकमधल्या बसऱ्याला गेलेल्या माणसाबद्दल सातारा-रत्नागिरीकडच्या अनेक घरांत एवढंच उरलेलं असतं. शोधाला लागण्याआधी घरात एक गोष्ट विचारून घ्या: ते परत आले होते का? पुढची वाट त्यावर ठरते.

आले नसतील, तर राष्ट्रकुल युद्धसमाधी आयोगाच्या (CWGC) संकेतस्थळावरची मोफत यादी आधी पाहा. शिपायाचा नंबर, पलटण, मृत्यूची तारीख आणि पुष्कळदा वडिलांचं किंवा पत्नीचं नाव, गावासकट मिळतं. नावं इंग्रजीत कानाला लागली तशी लिहिलेली आहेत. जाधव, मोरे दहा तऱ्हांनी लिहून बघा. जिल्हाही त्या वेळचा घ्या, रायगड नव्हे, कुलाबा. बसऱ्याच्या स्मारकावर ४० हजारांहून अधिक मृतांची दखल आहे, पण आपल्या साध्या शिपायांची नावं दगडावर नाहीत. पलटणीखाली नुसता आकडा. नावं राहिली ती कागदावर. हे मला अजून पचलेलं नाही, म्हणून ही यादी उघडून आपलं नाव शोधावंच असं मी म्हणतो.

परत आलेल्यांना मात्र ही यादी निरुपयोगी, कारण ती फक्त मृतांची. तिथे घरची ट्रंकच वरचढ. त्या लढाईचं पदक सापडलं, तर त्याची कड उजेडात तिरपी धरा: नंबर, हुद्दा, नाव, पलटण तिथेच उमटवलेली असते. चिंच लावून घासू नका, अक्षरं झिजतात. राजाचा मुखवटा असलेलं पदक चांदीऐवजी ब्राँझचं निघालं, तर माणूस बहुधा मजूर तुकडीत होता. त्याचे हालही लढाईतलेच. पेन्शनचे कागद मोडी लिपीत असतील, तर वाचणारा गाठा.

लंडनमधल्या क्यू इथल्या अभिलेखागारातल्या युद्धदैनंदिन्यांकडे, म्हणजे पलटणींच्या रोजच्या नोंदींकडे, पलटण कळल्यावरच वळा. १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी पुणे डिव्हिजनबरोबर मेसोपोटेमियात, म्हणजे आताच्या इराकात होत्या. तिथल्या कूत गावी याच डिव्हिजनला पडलेल्या वेढ्याचा शेवट २९ एप्रिल १९१६ च्या शरणागतीने झाला. पलटण कोणत्या दिवशी कुठे होती ते या दैनंदिन्यांतून कळतं. पण नावं येतात ती बहुतेक अधिकाऱ्यांची. शिपाई ‘इतके ठार, इतके जखमी’ यातच.

बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राला पत्र लिहायचं, तर नंबर हाती येईपर्यंत थांबा. नुसत्या नावावर माणूस सापडणं फार कठीण, एकेका पलटणीत त्याच नावाचे कितीतरी.

१११ व्या महार पलटणीतल्या शिपायांच्या घरच्यांची वाट सगळ्यांत अवघड. ती पलटण १९१७ साली उभी राहिली आणि १९२१ मध्ये मोडली. आजची महार रेजिमेंट १९४१ ची. त्यांनी ट्रंक आणि घरातली वडीलधारी माणसं आधी गाठावीत, बोलणं याच महिन्यात ध्वनिमुद्रित करून ठेवावं.