पीआय की ईडीयू?

फ्लो सायटोमीटरवर (एकेका पेशीची चमक मोजणारं यंत्र) पेशीचक्र, म्हणजे जी1 (डीएनए एकपट), एस (डीएनएची प्रत बनते), जी2 (डीएनए दुप्पट) आणि एम (विभाजन) हे टप्पे, बघायचं तर प्रोपिडियम आयोडाइड, म्हणजे पीआय, हा डीएनएला चिकटणारा रंग स्वस्त आणि सोपा. पेशी थंडगार 70 टक्के इथेनॉलमध्ये फिक्स करायच्या (आहेत तशा टिकवायच्या), रंग द्यायचा, डीएनए मोजायचा. पीआय आरएनएलाही चिकटतं, म्हणून आरएनेज, म्हणजे आरएनए तोडणारं विकर, हवंच. इथेनॉल मात्र थेंबाथेंबाने, व्हॉर्टेक्स करत (नळी यंत्रावर घुसळत) घाला. एकदम ओतलं तर गुठळ्या होतात आणि एकमेकींना चिकटलेल्या दोन जी1 पेशी एकच जी2 पेशी म्हणून मोजल्या जातात.

खरी अडचण एस टप्प्याची. नुकतीच एसमध्ये शिरलेली पेशी पीआयला जी1सारखीच दिसते. ईडीयू हे रसायन तिला पकडतं, कारण ते थायमिडीन या डीएनएच्या घटकाच्या जागी नव्याने बनणाऱ्या डीएनएमध्ये बसतं. मग क्लिक अभिक्रियेने (तांब्याच्या मदतीने दोन रेणू जोडणारी अभिक्रिया) त्याला रंग जोडतात. बीआरडीयू या तशाच जुन्या रसायनासारखं आम्लाने डीएनए उलगडायची गरज नाही. खर्च जास्त, आणि क्लिकमधलं तांबं जीएफपी या हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनाची चमक मारू शकतं.

औषधाने पेशी जी2/एममध्ये अडकतात का, एवढंच पाहायचं असेल तर पीआय पुरे. डीएनएची प्रतिकृती मंदावली का, हे विचारायचं असेल तर मी बिनदिक्कत ईडीयू घेईन. सोबत डीएनएचा रंगही, कारण एकट्या ईडीयूवरून जी1 आणि जी2 वेगळे कळत नाहीत.